दुधाळ रक्ताचं घराणं

रक्त काढून काचेच्या नळीत थोडा वेळ ठेवलं की ते गोठतं. मग ती नळी मशीनमध्ये गरगर फिरवायची. लाल भाग तळाला बसतो आणि वर पाणी उरतं. त्याला आम्ही सिरम म्हणतो. निरोगी माणसाचं सिरम फिकट पिवळं असतं, नळीमागं बोट धरलं तर बोटाच्या रेघा दिसाव्यात इतकं निवळ. कावीळ झालेल्याचं हळदीच्या पाण्यासारखं येतं. मशीनवर आकडा उमटायच्या आधीच नळी पाहून पुष्कळ काही कळायचं, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमला डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी गेली. लोक मला लॅबच्या ताई म्हणत. नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही.

आमच्या कामात सुई टोचणं सगळ्यांत सोपं. अवघड असतं ते खरं बोलून घेणं. चरबीची तपासणी उपाशीपोटी करावी लागते, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नाही. त्यामुळं रोज सकाळी माझा पहिला प्रश्न ठरलेला, "काही खाल्लं नाही ना?"

"न्हाय ताई. निस्ता च्या पिलाय."

"चहात साखर होती ना?"

"साखरंबिगर कुठं च्या असतो व्हय?"

एक गुरुजी तर खिशातून रुमाल काढून तोंड पुसत आत आले आणि काही खाल्लं नाही म्हणाले. मिशीला पेढा लागलेला होता. विचारलं तर म्हणाले, "तो प्रसाद हाय. प्रसाद खाण्यात धरत न्हाईत." मी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. ते आले, आणि येताना माझ्यासाठी प्रसाद घेऊन आले.

अशी माणसं आठवली की हसू येतं. पण दिवाळी अंकासाठी कामावर काहीतरी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मला आधी दिगंबरराव आठवले आणि त्यांच्यामागोमाग त्यांची आक्का. ती गोष्ट हसण्यासारखी नाही.

भूमकडं पाऊस कमी, जमीन हलकी, म्हणून दुधावर जगणारी घरं पुष्कळ. दूध गोळा करायचं, मोठ्या कढईत आटवायचं आणि खवा करून सोलापूर-पुण्याकडं धाडायचा. दिगंबररावांच्या घरची खव्याची भट्टी आजोबांपासूनची. गावात त्यांच्या खव्याला नाव होतं आणि त्यांच्या घराण्याला दुसरंच एक नाव होतं. लोक दबक्या आवाजात म्हणत, "त्या घरात गडी पन्नाशी बघत न्हाय." आजोबा बैलगाडी जुंपताना गेले. वडील भट्टीपुढं बसल्या जागी कलंडले. आणि मग थोरला भाऊ, ज्याला सगळे बापू म्हणत, खव्याच्या पाट्या टेम्पोत चढवता चढवता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. घरच्यांनी देवाचं केलं, पितरांचं केलं. भट्टीची जागा बाधते म्हणून कुणी सांगितलं, तर जागाही बदलली.

बापूंचं दिवसकार्य झाल्यावर डॉक्टरांनी दिगंबररावांना स्वतःहून निरोप धाडून बोलावून घेतलं आणि माझ्याकडं तपासणीला पाठवलं. डोक्यावरचे केस अजून उगवायचे होते. काटक, उंच माणूस. पोट खपाटीला गेलेलं. दारू नाही, तंबाखू नाही. खुर्चीत बसताना म्हणाले, "ताई, माझ्यात काय निघणार? बापू तरी अंगानं भरलेला होता. म्या तर वाळकं खोड."

रक्त सुईत आलं तेव्हाच मला त्याचा रंग वेगळा वाटला. लालात गुलाबीची झाक. नळी मशीनमध्ये फिरवून काढली आणि मी हातात धरून तशीच उभी राहिले. वरचं पाणी पांढरं होतं. गढूळ म्हणावं असंही नाही, चक्क दुधासारखं पांढरं. नळीमागं बोट धरलं तर बोटच दिसेना.

दिगंबरराव दारातून डोकावले. "किती वेळ लागंल?" म्हणता म्हणता त्यांची नजर स्टँडवर गेली. "ताई, हे दूध कुणाचं ठिवलंय?"

"तुमचंच आहे."

ते जवळ आले. वाकून पाहिलं. आयुष्यभर दूध पारखलेला माणूस. म्हणाले, "फॅट किती लागंल ह्याला?" आणि हसले. मीही हसले. मग ते हसायचे थांबले आणि नुसते बघत राहिले.

"बापूचं बी असंच असंल?" त्यांनी विचारलं.

मी नळीवर त्यांचं नाव लिहिलं. माहीत नसलेलं बोलायचं नाही, हे आमच्या कामात पहिलं शिकवतात.

असं रक्त मशीनला वाचता येत नाही. ते मिठाच्या पाण्यानं पातळ करून पुन्हा लावावं लागतं आणि आलेला आकडा तितक्या पटीनं वाढवावा लागतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, दीडशेच्या आत असावी. दिगंबररावांची हजाराच्या पुढं गेली होती. उरलेलं सिरम मी फ्रीजमध्ये ठेवलं होतं. सकाळी पाहिलं तर त्यावर सायीसारखा थर धरला होता.

डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं ते मी तिथं उभी राहून ऐकलं, आणि पुढं कितीतरी लोकांना मी तसंच सांगत आले. आपण तेल-तूप खातो त्याची चरबी रक्तात येतेच. पण साखर, मैदा, जास्तीचा भात आणि दारू यांचीही आपलं यकृत चरबीच करतं आणि रक्तात सोडतं. बहुतेकांचं शरीर ती चरबी हळूहळू झाडून काढतं. काही घराण्यांत हे झाडण्याचं काम जन्मापासूनच कमी पडतं. बापाकडून लेकराला येतं, आईकडून लेकराला येतं. माणूस लठ्ठ असो की काटक, त्याला बाहेरून काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी पोटातल्या स्वादुपिंडाला सूज येते, नाहीतर हृदयाच्या नळ्या आतून अरुंद होत होत एके दिवशी बंद होतात.

"म्हणजे बाधा न्हाय?" दिगंबरराव म्हणाले.

"बाधाच आहे," डॉक्टर म्हणाले, "पण हिला गोळ्या आहेत."

आणि त्यांनी बजावून सांगितलं, की घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. भाऊ, बहीण, पोरं, कुणालाही वगळू नका.

आठवडाभरात लॅबच्या दारात एक बाई उभी राहिली. खांद्याला ज्वारीच्या पिठाची पिशवी, पदर खोचलेला. "भट्टीवाल्या दिगंबरची बहीण म्या. सुमन. लोहाऱ्यास्नं आले." लोहारा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एसटीनं धाराशिवला यायचं, तिथून भूमची गाडी धरायची. निरोप मिळाला तशी ती निघाली होती.

हीच आक्का. तिन्ही भावंडांत थोरली. वडील भट्टीपुढं गेले तेव्हा तिची शाळा सुटली होती आणि तिनं कढईतलं उलथणं हातात घेतलं होतं. बापू आणि दिगंबर तिच्या हाताखाली वाढले. तिचं लग्न झालं तेव्हा दिगंबर तिच्या वरातीमागं गावाच्या शिवेपर्यंत रडत गेला होता, असं तिनंच मला सांगितलं.

"त्याच्या रक्तात काय झालंय ते मला दाखवा," ती म्हणाली. "डॉक्टर सांगत्यात ते त्याच्या टकुऱ्यात शिरत न्हाय. मला कळलं म्हंजी घरात सगळ्यांला कळंल."

मी फ्रीजमधली नळी काढून तिला दाखवली. शेजारी दुसऱ्या एकाची निवळ नळी धरली. ती खुर्ची ओढून बसली आणि प्रश्नावर प्रश्न विचारायला लागली. भाकरी किती? ज्वारीची चालंल का? शेंगदाण्याचं कूट घालायचं का? गुळाचा च्या चालतोय का? मी म्हटलं, गूळही साखरच. त्यावर ती माझ्याकडं अशी काही पाहत राहिली, जणू मीच गूळ शोधून काढलाय.

पुढचा महिनाभर ती भावाच्या घरी राहिली. भावजयीच्या हातातून स्वयंपाकघर घेतलं असं नाही, पण चुलीजवळ तिच्या शेजारी बसली. तेलाची बुधली उचलून वर फळीवर ठेवली आणि खाली एक चमचा ठेवला. चहातली साखर हळूहळू कमी करत बंद केली. भात आठवड्यातून एकदा. एक भाकरी, पातळ आमटी, मेथी नाहीतर अंबाडीची भाजी, कच्चा कांदा-काकडी ताटभर. दिगंबररावांना सकाळी शेतापर्यंत चालत धाडायची आणि ते कट्ट्यावर गप्पा मारत बसलेत की काय हे बघायला मागून स्वतः जायची.

खरी पंचाईत भट्टीवर होती. खवा तयार झाला का हे कळायला प्रत्येक कढईतला चिमूटभर तोंडात टाकायची सवय. दिवसभरात चिमटी चिमटीनं किती पोटात जातो त्याचा हिशेब कोण ठेवतो? दिगंबरराव म्हणाले, "चाखल्याबिगर खवा कसा कळायचा? हे म्हंजी डोळे बांधून नांगर धर म्हणण्यासारखं हाय."

आक्का म्हणाली, "मला कोण चाखू देत होतं? आई म्हणायची, पोरीनं कढईत बोट घालू न्हाई. म्या कसा करत होते?" आणि तिनं त्यांना दाखवलं. खवा दोन बोटांत चोळायचा, तूप सुटून बोटाला चकाकी आली की उतरवायचा. मग वास. तेवढं पुरतं.

ती लोहाऱ्याला परत गेली तरी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "गोळी घेतली का?" दिगंबरराव मला सांगायचे, "ताई, नमस्कार-चमत्कार काय न्हाय. पहिला सवाल, गोळी घेतली का. खोटं बोललो तर आवाजावरनं वळखतीया."

दुसऱ्या तपासणीला त्यांचं सिरम दुधावरून ताकावर आलं होतं. त्यानंतरच्या खेपेला ताकाच्या निवळीवर. आणि एकदा मी नळी बाहेर काढली तर मागं धरलेलं माझं बोट दिसलं. दिगंबररावांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "आता कुठं पाणी लागलं!" त्या दिवशी त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. आकडा अजून पूर्ण खाली आलेला नव्हता, पण माझ्या नोकरीतल्या चांगल्या सकाळी मोजायच्या तर ती एक.

घरातल्या पोरांच्या तपासण्या झाल्या होत्या. बापूंच्या मुलाचं थोडं वाढलेलं निघालं, दिगंबररावांच्या धाकट्याचंही. दोघांचं खाणंपिणं, व्यायाम वेळेवर मार्गी लागला. राहिली होती आक्का. तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, भावानं फोनवर सांगितलं होतं.

ती एकदा श्रावणात माहेरी आली होती. भावाच्या सोबत लॅबमध्ये आली तेव्हा मी म्हटलं, "आज तुमचंही घेते. बसा."

"आज नगं. आज माझा उपास हाय."

"मग तर बरंच झालं. उपाशीपोटीच पाहिजे."

"आवं, साबुदाण्याची खिचडी खाल्लीया की!" आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसले. उपास आणि उपाशी यांत आमच्याकडं केवढं अंतर आहे ते मला ठाऊक असायला हवं होतं.

"मग उद्या या," मी म्हटलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं जायचंय. घरी ह्यांचं खायचं-प्यायचं, म्हस हाय, लेकीची, पल्लवीची परीक्षा हाय. आन माझं कशाला वो? आमच्या घरात हे गड्यांवर हाय. बायकांला काय न्हाय होत. माझी आजी बघा, नव्वदीला गेली, शेवटपस्तोर दात होते."

मी म्हटलं, "आक्का, आजी या घराण्यात सून म्हणून आली. ती दुसऱ्याच्या रक्ताची. तुम्ही मात्र वडलांच्या रक्ताच्या."

हे तिच्या ध्यानात आलं, हे मला दिसलं. या घरातल्या लेकी कुठं कुठं दिल्या होत्या आणि त्यांचं पुढं काय झालं, हे त्या क्षणी ती मनात आठवत असावी. म्हणाली, "एक आत्या हुती आमची. बाळंतपणात गेली म्हणत्यात." मग पिशवी उचलली. "पुढच्या बारीला येते तवा करू. ह्याचं बघा आदी."

ती निघाली तेव्हा दवाखान्याच्या तीन पायऱ्या उतरून क्षणभर थांबली, कठड्याला हात लावला, आणि मग रस्त्याला लागली. तेव्हा त्यात काही वाटण्यासारखं नव्हतं. चाळिशी उलटलेली, सकाळपासून राबलेली बाई पायऱ्या उतरून थांबते. आपल्याकडं कुठली बाई थांबत नाही?

पुढची बारी आली नाही.

हिवाळा सरता सरता एका दुपारी दिगंबरराव लॅबमध्ये आले आणि बाकावर बसले. तपासणीचा दिवस नव्हता. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं. म्हणाले, "त्या दिवशी सांजच्याला लोहाऱ्यास्नं फोन आला, पण आक्काचा न्हाय, दाजींचा. म्या फोन उचलला आन सवयीनं आधीच सांगितलं, घेतली गोळी घेतली."

दवाखान्यात गर्दी होती. एक बाई लेकराला रडू नको म्हणून समजावत होती. दिगंबररावांनी पाणी न पिता पेला खाली ठेवला.

"बापू गेला तवा सगळं गाव म्हणालं, त्यांच्या घराण्यात हायच. आक्का गेली तर लोक म्हणत्यात, अरे, बाईला कसं काय झालं? ताई, तिनं माझं ताट राखलं. तिच्या ताटात काय हुतं ते कुणी बघितलं का? आमची जेवणं झाल्यावर ती चुलीपुढं बसून खायची. काय खायची, किती खायची, म्हाईत न्हाय मला. सख्ख्या भावाला म्हाईत न्हाय."

मी या कामात मृत्यूच्या बातम्या खूप ऐकल्या. ज्याच्या हातावर आज सुई टोचली तो महिन्यानं नसतो, हे अंगवळणी पडतं. हे पडलं नाही. तपासणीची सोय होती, सांगणारे होते, आणि ऐकणारी तर अशी की भावासाठी तिनं शब्द न् शब्द पाळला होता. तिचं स्वतःचं तेवढं मागं पडत गेलं, आधी परीक्षा, मग म्हैस, मग सण, मग पाहुणे. कुणी तिला अडवलं नव्हतं. कुणी तिला बसवलंही नव्हतं. माझ्या लॅबमध्ये सासऱ्याला, नवऱ्याला, पोराला घेऊन आलेल्या बाया मी रोज पाहायचे. त्या पिशवी सांभाळत बाकावर बसायच्या. त्यांच्यातल्या कितीजणींच्या दंडाला मी रबर बांधलं, हे आठवू गेले की मला फारशा आठवत नाहीत.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दिगंबरराव लोहाऱ्याला गेले. दरवर्षीसारखं लुगडं घेऊन गेले. घरात कुणालाच काय करावं सुचेना. आक्काची मुलगी पल्लवी तेव्हा बावीसएक वर्षांची, कॉलेज संपवून घरी असलेली. तिनं लुगडं घेतलं, आईच्या फोटोपुढं ठेवलं आणि मामाला जेवायला वाढलं. दिगंबररावांनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "म्या ववाळून घ्यायला आलो न्हाय, पोरी. तुला आन दाजींना घेऊन जायला आलोय. उद्याच्या उद्या."

दाजी म्हणजे माणिकराव, आक्काचे यजमान. कोरडवाहू शेती करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी दारातच मेव्हण्याला बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणे, "पोरीचं यंदा लग्न करायचंय. काय निघालं तर? लोक काय म्हणतील?" त्यावर पल्लवी आतूनच म्हणाली, "निघालं तर सांगूनच करू, पप्पा."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागणार नाही. पल्लवी आज धाराशिवला असते. लग्न सांगूनच केलं. एका स्थळानं ऐकून नकार दिला, दुसऱ्यानं औषधाचं नाव विचारून घेतलं आणि होकार दिला. लेकराच्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या थांबवल्या, मग पुन्हा चालू केल्या, सगळं नीट झालं. दिगंबरराव पन्नाशी ओलांडून पुढं गेले, त्या घराण्यातले पहिले. भट्टी आता मुलगा बघतो. मीही निवृत्त झाले. लॅबमध्ये नवीन मशीन आलंय आणि नवीन मुलगी आहे, हात हलका आहे तिचा.

पण मला सांगायची आहे ती भाऊबीजेनंतरची दुसरी सकाळ. भूमच्या रस्त्यावर फटाक्यांचा कागद पडलेला होता. दिवाळीत तपासणीला कुणी येत नाही, सगळ्यांची पोटं गोडानं भरलेली, त्यामुळं लॅब रिकामी. दिगंबरराव दोघांना घेऊन आले. रात्री त्यांनी आपल्या घरी सगळ्यांना लवकर भाकरी खाऊ घालून झोपवलं होतं. फराळाच्या डब्यावर स्वतः बसून होतो म्हणाले.

आधी दाजींचं रक्त घेतलं, मग पल्लवीचं. तिनं दंड पुढं केला आणि तोंड फिरवलं नाही. सुईकडं बघत राहिली. तिचे हात आक्कासारखे होते, रुंद पंजाचे.

मशीन थांबलं. मी दोन्ही नळ्या काढून स्टँडमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. दाजींची नळी निवळ, आरपार. पल्लवीची पांढुरकी. तिच्या मामाइतकी नाही, पण ताकाची निवळी असावी तशी. आकडा यायचा होता, पण तिथं उभ्या असलेल्या चौघांनाही ते वाचता येत होतं.

दाजी पुढं झाले. आपल्या नळीकडं त्यांनी पाहिलंच नाही. पोरीच्या नळीला एक बोट लावून म्हणाले, "म्हंजी हे माझ्याकडनं न्हाय आलं."

"नाही," मी म्हटलं.

ते बाकावर जाऊन बसले. दिगंबरराव खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

पल्लवी म्हणाली, "आई गेली त्या दिवशी सकाळपासून तिचा जबडा दुखत होता. पाठ धरली होती. पित्त झालंय म्हणाली, लिंबू-सोडा प्याली. पप्पा म्हणाले दवाखान्यात चल, तर म्हणाली भाकऱ्या होऊ द्या. मग वडापच्या, भाड्याच्या जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरनं आमच्यासाठी गाडी भरायची वाट बी बघितली न्हाई, लगेच काढली. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं झोप लागली. रात्रभर तळमळत होती, म्हणून म्या हलले न्हाई ताई. खांदा अवघडला तरी हलले न्हाई. तिची झोप मोडू नये म्हणून."

मी तिच्या दंडावरचा कापूस काढला. रक्त थांबलं होतं. तरी मी तिथं अंगठा दाबून धरला.

ती स्टँडकडं बघत होती. म्हणाली, "आईचं बी असंच दिसलं असतं का?"

नक्की ठाऊक नाही असं मी म्हणायला हवं होतं. आक्काचं रक्त मी कधी घेतलंच नव्हतं. पण शेजारी दाजींची निवळ नळी होती, आणि त्या पोरीला मला कोरडं उत्तर देववेना.

"व्हय," मी म्हटलं. "असंच दिसलं असतं."

पल्लवीनं मान हलवली. मग अगदी हळू, कुणाला दोष न देता, म्हणाली, "म्हंजी बघितलं असतं तर दिसलं असतं."